पाऊस थांबला होता, मग पाणी वाढले कसे?
(इयत्ता सातवीतील एका विद्यार्थिनीचा अभ्यासलेख)



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी ‘आमची सहल’ हा विषय दिला, तेव्हा सगळ्यांनी लगेच हात वर केले. मी केला नाही. आमची सहल झाली होती, पण ती लिहावी की नाही हेच मला कळत नव्हते. मग गुरुजींनी मधल्या सुट्टीत मला बोलावले आणि म्हणाले, “झालं ते लिही. पण नुसतं झालं ते लिहू नकोस, का झालं तेही शोधून लिही.” म्हणून हा लेख थोडा सहलीचा आहे आणि थोडा अभ्यासाचा आहे.

यंदा जुलैत माझी आत्या कल्याणहून आली. बरोबर मामा (आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो) आणि आतेभाऊ. तो चौथीत आहे. आमचे गाव अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढे. आम्हाला धबधब्यांचे काय कौतुक! आवणीच्या दिवसांत डोंगराकडे तोंड केले की दहा-बारा पांढऱ्या रेघा दिसतातच. पण मुंबईकडची माणसे एवढ्या लांबून त्या बघायला येतात. आत्याचे माहेरच इथले, तरी तीसुद्धा जीपमधून मान बाहेर काढून “अगंबाई, ते बघ” करत होती. बाबांनी एक दिवस आवणी बंद ठेवली आणि भाड्याची जीप सांगितली. आजीने पहाटे उठून भाकरी, ठेचा आणि बटाट्याची भाजी बांधली. आजीपण आली. ती नको म्हणत होती, पण आत्याने ऐकले नाही. आजी आली हे फार बरे झाले, ते पुढे कळेलच.

प्रथम आम्ही रंध्याला गेलो. रंधा धबधबा प्रवरा नदीवर आहे. ही नदी रतनगडावर उगम पावते, रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या देवळाजवळून खाली येते, भंडारदऱ्याच्या धरणात थांबते आणि तिथून सुटली की रंध्याला उडी घेते. पुढे अकोले, संगमनेर करत प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. भंडारदऱ्याचे धरण १९१० साली बांधायला घेतले आणि १९२६ साली पूर्ण झाले. त्यात सुमारे ११ टी.एम.सी. पाणी मावते. धरणातून पाणी सोडले की रंधा भरून वाहतो आणि सोडले नाही की बारीक होतो. म्हणजे रंध्याची किल्ली धरणावर आहे! धरणाच्या पायथ्याशी अंब्रेला फॉल आहे, तोही धरणाचे पाणी सुटले की छत्रीसारखा पसरतो.

रंध्याची उंची लोक १७० फूट सांगतात. आम्ही ती मोजायची ठरवली. कठड्याच्या आत उभे राहून पाण्याचा एक पांढरा गोळा नजरेने धरायचा, कड्यावरून सुटला की मामांनी घड्याळ बघायचे आणि खाली फेसात शिरला की मी “झालं!” म्हणायचे. चार वेळा केले. कधी तीन सेकंद आले, कधी चारच्या जवळ. शाळेत आल्यावर गुरुजींनी याचा हिशेब फळ्यावर करून दाखवला. वरून सुटलेली वस्तू एका सेकंदात सुमारे ५ मीटर पडते. दोन सेकंदांत १० नाही, २० मीटर. तीन सेकंदांत ४५ मीटर. म्हणजे सेकंदांचा वर्ग करायचा आणि त्याला ५ ने गुणायचे. १७० फूट म्हणजे जवळजवळ ५२ मीटर, तेव्हा तीन सेकंदांपेक्षा थोडा जास्त वेळ हवा. हवा पाण्याला अडवते, फेस करते, म्हणून त्याहूनही जरा जास्तच लागतो. आमचे उत्तर अगदी चूक नव्हते. वर्ग आणि वर्गमूळ कशाला शिकायचे असे मी पाचवीपासून म्हणत होते, ते आता म्हणणार नाही.

रंध्याजवळ घोरपडा देवीचे देऊळ आहे. तिथे आजीने नारळ फोडला. कणसेवाल्याकडून आम्ही भाजलेली कणसे घेतली. इथपर्यंत सहल छान होती.

आतेभावाचे मात्र समाधान होईना. “लांबून काय बघायचं? मला पाण्यात जायचंय,” असे तो सारखे म्हणत होता. तेव्हा मी मोठेपणाने म्हणाले, “मला एक जागा माहीत आहे. आपलीच आहे.” ती जागा म्हणजे आमच्या गावाच्या वरच्या अंगाला ओढ्यावरचा लहानसा धबधबा. त्याला नाव नाही. उन्हाळ्यात तिथे टिपूस नसतो. पावसात दोन पुरुष उंचीवरून पाणी पडते आणि खाली मोठमोठे धोंडे आहेत. आम्ही मुली तिथे धुणे धुवायला जातो. म्हणून मला वाटे की तो ओढा मला पाठ आहे.

दुपारचे दोन वाजले असतील. पाऊस थांबला होता. उघडीप पडून ऊनही आले. मोठी माणसे काठावर सतरंजी टाकून जेवायला बसली. मी आतेभावाला घेऊन ओढ्यातल्या धोंड्यावर गेले. काठापासून दोन ढांगांवर. पाणी घोट्याएवढे आणि इतके नितळ की तळाचे खडे मोजावेत. आजीने विचारले, “कुठं गं चालले?” मी म्हणाले, “आजी, पाऊस थांबलाय. आता काही होत नाही.”

हे वाक्य मी बोलले ते मला अजून ऐकू येते.

थोड्या वेळाने आजी जेवता जेवता उठली. तिने हातातला घास खाली ठेवला. ती ओरडत होती पण धबधब्याच्या आवाजात आम्हाला शब्द कळत नव्हते. तिचे हात मात्र “या, या” करत होते. मी खाली बघितले, तर पाणी चहासारखे झाले होते. वरून पाला आणि काटक्या येत होत्या. मी उडी मारून काठावर आले. आतेभावाचा हात मी धरला नाही. तो माझ्या मागे येतोच आहे असे मला वाटले. खरे सांगायचे तर मला तेव्हा काहीच वाटले नाही, मी फक्त उडी मारली.

तो पण येत होता. पण त्याची एक चप्पल सुटून पाण्यात पडली. नवी होती. तो चपलेमागे वळला. एक पाऊल टाकले आणि घसरला. आता पाणी घोट्याएवढे नव्हते, त्याच्या कमरेएवढे होते. पाण्याने त्याला चार-पाच हात खाली नेले आणि दोन धोंड्यांच्या सांदीत दाबून धरले. तिथे उंबराची मुळी होती ती त्याने धरली. आत्याने जी किंकाळी फोडली ती धबधब्यापेक्षा मोठी होती.

बाबांनी सदरा काढला आणि ते आत जायला निघाले. आजीने त्यांचा दंड धरला आणि चक्क खाली बसली. म्हणाली, “तू उतरू नको. एकाचे दोन व्हतील. दोर आण, दोर!” बाबा आजीला सोडवत होते आणि आजी सुटत नव्हती. माझी आजी किडकिडीत आहे, पण त्या दिवशी बाबांना ती हलली नाही. तेवढ्यात जीपवाले काका टपावरचे सामान बांधायचा दोर घेऊन धावत आले. त्यांनी पुढे मोठा फासा केला आणि टाकला. पहिल्यांदा लांब पडला. दुसऱ्यांदा पाण्याने नेला. तिसऱ्यांदा त्याच्या डोक्याजवळ पडला. “एक हात सोड! एकच! काखेतून घे!” असे सगळे ओरडत होते. त्याने घेतला. बाबा, मामा आणि काका तिघांनी ओढले. तो काठावर आला तेव्हा त्याचे गुडघे सोलवटले होते, ओठ निळे होते आणि एका पायात चप्पल होती.

नंतर पाच-सात मिनिटेही गेली नसतील. आम्ही ज्या धोंड्यावर बसलो होतो तो धोंडा दिसेनासा झाला. उंबराची मुळीही दिसेना. आणि आमच्या डोक्यावर ऊन होते!

घरी मला कोणी मारले नाही, रागावलेसुद्धा नाही. त्याचेच जास्त वाईट वाटले. सोमवारी शाळेत गुरुजींना मी सगळे सांगितले. गुरुजींनी एवढेच विचारले, “पाऊस थांबला होता ना? मग पाणी वाढलं कसं?” मला उत्तर येईना. तिथून पुढचा अभ्यास सुरू झाला.

पहिली गोष्ट अशी की पाऊस आमच्याकडे थांबला होता, डोंगरावर थांबला नव्हता. आपल्या तालुक्यात पश्चिमेला घाटघर, रतनवाडी ही गावे सह्याद्रीच्या माथ्याला टेकलेली आहेत. समुद्रावरून येणारे ढगांचे वारे कोकणातून येऊन कड्याला थटतात आणि वर चढतात. वर गेलेली हवा थंड होते, थंड हवेत वाफेचे पाणी होते आणि तिथेच पाऊस कोसळतो. काही वर्षी घाटघर-रतनवाडीला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आहे. म्हणजे पाच मीटर! तो सगळा साठला तर आपली शाळा कौलांपर्यंत बुडेल. आणि तेच ढग पूर्वेला संगमनेरकडे उतरतात तेव्हा रिकामे झालेले असतात. तिकडे याचा दहावा हिस्सा पडला तरी लोक खूश होतात. एका तासाच्या एस.टी.च्या प्रवासात छत्री उघडावी आणि मिटावी, असा आपला तालुका आहे. तेव्हा पायाखालच्या ओढ्याचे पाणी कुठले, हे डोक्यावरच्या आभाळाकडे बघून कळत नाही. ओढा जिथून येतो तिथले आभाळ बघायला हवे. त्या दिवशी डोंगराचा माथा काळ्या ढगात होता. आम्ही सगळे त्याच्याकडे पाठ करून जेवत होतो. आजीचे तोंड तेवढे डोंगराकडे होते.

(त्याच वाऱ्याची एक गंमत पण आहे. जुन्नरजवळ नाणेघाटात पावसाळ्यात कड्यावरून पडणारे पाणी खालून येणाऱ्या वाऱ्याने उलटे वर उडते. लोक त्याला उलटा धबधबा म्हणतात.)

दुसरी गोष्ट खडकाची. सह्याद्री हा लाव्हारसाचा बनलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला रस बाहेर आला, पसरला, थंड झाला. त्यावर पुन्हा दुसरा थर आला. अशी भाकरीवर भाकरी ठेवल्यासारखी चळत झाली. काही थर कठीण, काळ्या पाषाणाचे. काही सच्छिद्र आणि ठिसूळ. दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. वाहते पाणी ठिसूळ थर लवकर खाते आणि कठीण थर छज्जासारखा पुढे राहतो. तिथे धबधबा होतो. पुढे आधार गेला की छज्जाही तुटून पडतो आणि धबधबा थोडा मागे सरकतो. खालचे मोठे धोंडे म्हणजे असे तुटलेले छज्जे आहेत. आम्ही बसलो होतो तोही त्यातलाच असणार.

असा कातळ पाणी पीत नाही. शेतातली माती पाणी जिरवते, कातळावरून मात्र ते सरळ घसरते. म्हणून डोंगरावर पडलेली सर थोड्याच वेळात ओढ्यात येते. गुरुजींनी याचा प्रयोग करून घेतला. दोन पाट्या एकाच उतारावर ठेवल्या. एकीवर मातीचा थर दिला, एक कोरी ठेवली. दोन्हींवर एक-एक तांब्या पाणी झारीने घातले. कोऱ्या पाटीवरून पाणी लगेच खाली आले. मातीच्या पाटीवरून उशिरा आणि कमी आले. पण दुसरा तांब्या घातला तेव्हा मातीची पाटीही लवकर वाहू लागली. कारण माती आधीच भिजलेली होती! जुलैत आपल्याकडची माती तशीच पाण्याने भरलेली असते. तिच्या पोटात जागा नसते.

तिसरी गोष्ट पाण्याच्या जोराची. गुडघाभर पाण्यात काय होते, असे मलाही वाटे. गुरुजींनी हिशेब घातला. ओढा एक मीटर रुंद, अर्धा मीटर खोल आणि पाणी सेकंदाला दोन मीटर पळते. १ × अर्धा × २ म्हणजे सेकंदाला एक घनमीटर पाणी. एक घनमीटर पाण्याचे वजन १००० किलो. क्विंटलची दहा पोती दर सेकंदाला अंगावर येतात असे समजा. आणि वेग दुप्पट झाला की पाण्याचा धक्का दुप्पट नाही, चौपट होतो. हा वर्ग इथेही आलाच. म्हणून आजी बाबांना सोडत नव्हती ते बरोबर होते. मोठा माणूसही त्यात उभा राहू शकत नाही.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात हेच झाले. सहलीला आलेल्या एकाच कुटुंबातली माणसे मध्यावर अडकली. पाणी वाढत गेले. ती सगळी एकमेकांना घट्ट धरून उभी होती. तरी पाण्याने त्यांना नेले आणि पाच जण दगावले. त्यात लहान मुले होती. मामांनी ही बातमी तेव्हा मोबाईलवर पाहिली होती. ते म्हणाले, “पाहिली होती, हळहळलो पण होतो. आणि वर्षाने पोराला स्वतःच घेऊन आलो.”

चौथी गोष्ट डोहाची, ती थोडक्यात सांगते. धबधब्याखाली पाणी खड्डा करते. त्यात दगडगोटे गरगर फिरून आणखी खोल घासतात. आपल्याच जिल्ह्यात निघोजला कुकडी नदीत असे घासून झालेले रांजणखळगे आहेत. उन्हाळ्यात ते बघायला छान वाटतात. पण पाणी असताना आत तोच भोवरा चालू असतो, वरून दिसत नाही. आणि फेसाळ पाण्यात हवा भरलेली असल्याने माणूस त्यात नेहमीसारखा तरंगत नाही. पट्टीचा पोहणाराही तिथे फसतो.

ऑगस्टपासून आम्ही शाळेजवळच्या ओढ्यावर एक काठी बसवली आहे. गुरुजी आणि गावातल्या दोघांनी ती मोरीच्या भिंतीला बांधली, आम्हा मुलांना उतरू दिले नाही. काठीवर दर दहा सेंटिमीटरला तांबडी रेघ आहे. माझी मावशी डोंगराकडच्या वाडीत राहते. तिकडे जोराची सर आली की ती फोन करते आणि आम्ही वेळ लिहितो. मग काठीवर पाणी कधी चढते ते बघतो. पहिल्यांदा उघडीप चार दिवसांची होती, तेव्हा पाणी यायला तासाहून जास्त वेळ लागला. दुसऱ्यांदा आदल्या रात्रभर पाऊस होता, तेव्हा अर्ध्या तासातच पाणी दोन रेघा चढले. शाळेवर तेव्हा थेंबही नव्हता. पाट्यांच्या प्रयोगात दिसले तेच ओढ्यात दिसले. तिसऱ्यांदा मावशी फोन करायला विसरली.

आजीला मी विचारले, तुला कसे कळले? तिला पाट्यांचे काही ठाऊक नाही. ती म्हणाली, “आधी आवाज बदलतो. ओढा घोगरा बोलाया लागतो. मंग रंग बदलतो. मंग पाला येतो. पाला आला म्हंजे पाणी मागोमाग हाय. तवा चप्पल, भांडं, धुणं, काय जाईल ते जाऊ द्यायचं अन् काठ धरायचा.” तिच्या लहानपणी त्याच ओढ्यात तिची पाठची बहीण कळशीमागे गेली होती. हे बाबांनासुद्धा माहीत नव्हते. आजीने ते आजपर्यंत कोणालाच सांगितले नव्हते.

आत्या दिवाळीत येणार आहे. आतेभावाने फोनवर विचारले की तेव्हा धबधब्याला पाणी असेल का. मी सांगितले, थोडे असेल, आणि आपण कठड्याच्या आतून रंधाच बघू. त्याची उरलेली चप्पल आमच्या पडवीत खुंटीवर आहे. आजी ती टाकू देत नाही.

काठीवरचा आजचा आकडा फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहिला आहे. पालकांनी जाताना मोरीवर थांबून तो ताडून पाहावा आणि फरक वाटला तर वर्गात येऊन सांगावे. मात्र कठड्याच्या अलीकडूनच बघावे, खाली उतरू नये.